बाहेर बसलेला गडी

रुग्णालयात असताना मला सगळ्यात जास्त राग भेटायला येणाऱ्यांचा यायचा. प्रत्येक जण स्टुलावर टेकायचा, माझ्याकडे बघून उसासा सोडायचा आणि अशाच आजाराने गेलेल्या कुणातरी मावसभावाची गोष्ट सुरू करायचा. बोलता येत होतं तोवर मी त्यांना गप्प केलं. मग माझं तोंडही वाकडं झालं आणि सगळ्यांना रान मोकळं मिळालं. म्हणून आधीच सांगून टाकते, ही बऱ्या झालेल्या बाईची गोष्ट आहे. सकाळचा स्वयंपाक उरकून मी हे लिहायला बसले आहे. तुमच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल तर त्याला हे वाचून दाखवा. उसासे मात्र दाराबाहेर सोडून या.

माझं नाव कल्पना. कंपन्यांमध्ये कामाला येणाऱ्या पोरांसाठी मी शिरूरला मेस चालवते. माहेर दौंडचं. ज्याच्यामुळे हे लिहावंसं वाटलं तो इरफान, माझ्या धाकट्या भावाचा, सुनीलचा, लहानपणापासूनचा मित्र. एके काळी तो टीव्हीवरच्या लीगमध्ये कबड्डी खेळायचा. खेळ सुटल्यावर तो लोकांना पैसे कुठे ठेवावेत, कुठे ठेवू नयेत, ते सांगायला लागला. गेल्या उन्हाळ्यात तो गेला, झोपेतच. मला उभं करणारा माणूस माझ्याआधी जाईल असं कधी मनातही आलं नव्हतं. मी त्याच्यापेक्षा मोठी होते, ताई होते.

चप्पल

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात भाजी घेत होते. मागून एक बाई ओरडली, "अवो ताई, चप्पल ऱ्हायली तुमची!" बघते तर डाव्या पायात काहीच नाही. चप्पल चार हात मागे पडलेली, आणि मी अनवाणी चालतेय हे मला कळलंही नव्हतं. पायाला मुंग्या येत होत्या. मी चपलेला दोष दिला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पाय जड झाले. संध्याकाळी पोळ्या लाटून उठायला गेले तर उठताच येईना. आमचे हे, म्हणजे मोहनराव, शाळेची गाडी चालवतात. ते म्हणाले, "पड जरा. दमली असशील." लग्न झाल्यापासून मी दमते असं त्यांच्या लक्षात कधी आलं नव्हतं. ते ऐकून मी खरी घाबरले.

शिरूरच्या डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. त्यांनी पुन्हा मारली, मग दुसऱ्या गुडघ्यावर मारली, आणि त्यांचा चेहरा उतरला. "पुण्याला न्या. उद्या नाही, आत्ता." आजाराचं नाव लांबलचक आणि परदेशी होतं. ते म्हणाले, "नसांचा आजार आहे. पायातून वर चढतो, मग थांबतो, मग उतरतो. बहुतेकांचा उतरतो." मला त्यातलं 'वर चढतो' तेवढं ऐकू आलं. पुन्हा पायावर उभी राहीन का, एवढा एकच प्रश्न त्या क्षणापासून डोक्यात बसला आणि पुढे कित्येक महिने हलला नाही.

अँब्युलन्समध्ये मला घालत होते तेव्हा मी यांना सांगत होते, "मटकी भिजत घातलीय, तेवढी उपसा." हे रडत होते. मी म्हटलं, "रडायला काय झालं? मटकी आंबंल ना!"

एका दमात

पाय गेले, मग हात गेले, मग तोंड. आयसीयूमध्ये दिवस आणि रात्र यांत फरक नसतो. उजाडलं हे मला आयामावशीवरून कळायचं. ती अंग पुसायची, कूस बदलायची आणि माझी घट्ट वेणी घालायची. आरसा तिने कधी दाखवला नाही, ते तिचे उपकार. नाकाला खाज सुटली की जीव जायची वेळ यायची. पापण्या मिटून, उघडून मी प्रज्ञाला, माझ्या मुलीला, सांगायचे. तिला वाटायचं पाणी हवंय. चमच्याने पाणी पाजून ती खूश व्हायची आणि माझं नाक तसंच राहायचं.

खरी भीती श्वासाची होती. आजार छातीपर्यंत चढला तर नळी घालावी लागणार होती. म्हणून डॉक्टर येता-जाता मला एका दमात आकडे मोजायला लावायचे. आकडा कमी भरला की ते एकमेकांकडे बघायचे, आणि मी त्यांच्याकडे.

अशाच एका वेळी इरफान आला. दारात उभा राहून ऐकत होता. "डॉक्टर, आकडे कशाला? कबड्डी कबड्डी म्हणू दे की तिला."

डॉक्टर हसले. मी म्हणायला गेले, पण त्या तोंडातून 'कबड्डी' कसली निघतेय! लापशीचा बुडबुडा फुटावा तसं काहीतरी निघालं. पण हसू आलं, आणि हसायला लागतो तेवढा वारा आपल्यात अजून आहे हे मला कळलं. आजार तिथेच थांबला. नळी घालावी लागली नाही.

इरफान स्टुलावर बसला. उसासा सोडला नाही, कुणाच्या मावसभावाचं नावही काढलं नाही. म्हणाला, "ताई, तू बाद झालीयस, मान्य. पर बाद झालेला गडी घरी जातो का? न्हाई. बाहेर बसतो. आपल्या पोरांनी समोरचा एक लोळवला, की आपला एक आत येतो. तवर बाहेरच्यानं काय करायचं? गप बसायचं. आन् आतल्यांना शिव्या घालायच्या न्हाईत."

शेवटचं वाक्य खास माझ्यासाठी होतं. मेस हे चालवत होते, आणि मी पापण्या मिचकावून प्रज्ञाकरवी फोडणीच्या सूचना पाठवत होते.

डाव्या कोपऱ्यावरचा

इरफान डाव्या कोपऱ्यावर खेळायचा. घोटा धरण्यात पटाईत. चढाईला आलेल्याचा पाय एकदा त्याच्या हातात गेला की सुटका नाही. लीगमधून पैसाही बरा आला. त्याने मोठी गाडी घेतली, पाहुण्याबरोबर भागीदारीत जमीन घेतली, ज्याने मागितले त्याला दिले. मग गुडघा गेला, खेळ गेला, आणि पाठोपाठ बाकीचंही गेलं. तेव्हा त्याने गुंतवणूक सल्लागाराच्या परीक्षा दिल्या आणि दौंडच्या बाजारपेठेत वरच्या मजल्यावर छोटं ऑफिस थाटलं. "मी जे केलं ते करू नका, एवढंच सांगायचे पैशे घेतो," असं म्हणायचा. आमच्या आजारपणाचा विमा त्यानेच मागे लागून काढायला लावला होता. मी तेव्हा त्याला म्हटलं होतं, "मला काय धाड भरलीय?"

शेअर बाजार पडला की लोकांचे घाबरेघुबरे फोन त्याला यायचे. माझ्या खाटेशी बसूनही तो ते घ्यायचा. "आज बघूच नका मामा. मोबाईल ठेवा, शेतात चक्कर मारून या. महिन्यानं बघा." फोन ठेवून माझ्याकडे वळायचा, कारण मी दिवसभर अंगठ्याकडे टक लावून असायचे, हलतोय का, हलतोय का. "तूबी त्यातलीच. रोज आकडा बघणारा मानूस येडा हुतो."

सुधारणा आली ती वरून. आधी ओठ, मग बोटं. बोलता आलं तसं मी पहिलं भांडण त्याच्याशी काढलं. "तुझ्या खेळात आधी बाद झालेला आधी आत येतो ना? मग पाय आधी आले पायजेत. ते पयले गेलते."

त्याने डोकं खाजवलं. "ह्या मॅचचा पंच आंधळा हाय ताई. सोड."

घरचे

शिरूरचं आमचं घर मेसच्या वर, अरुंद जिन्याचं. म्हणून रुग्णालयातून सुटल्यावर मला दौंडला सुनीलकडे ठेवलं. त्याचं घर बैठं, रेल्वेलाइनीजवळ. इरफानचं घर त्याच गल्लीत.

आजार माझा एकटीचा होता, असं मी समजत होते. प्रज्ञा कॉलेज बुडवून माझ्यापाशी राहिली होती. ती मला अंघोळ घालायची आणि मी तिच्यावर ओरडायचे. पाणी गार आहे, पाणी कढत आहे, साबण डोळ्यांत गेला. एकदा तिने तांब्या खाली ठेवला आणि भिंतीला टेकून रडायला लागली. "मला बी आई पायजे ना गं. तू नुसती पेशंटच झालीयस." मी तिला म्हटलं, "इकडं ये, पदर कुठं हाय माझा, डोळे पूस." पदर नव्हताच, गाऊन होता. आम्ही दोघी ओल्या अंगाने हसलो.

रविवारी हे शिरूरहून न्हावऱ्यामार्गे यायचे. एकदा स्वतः केलेली आमटी डब्यातून घेऊन आले. चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. मी चाखली आणि म्हटलं, "खारट हाय. पोरं मेस सोडतील." हे तडकले. "एक पोरगं सोडून गेलं न्हाई. तू न्हाईस म्हणून मानसं उपाशी मारू का?" मला ते लागलं. माझ्यावाचून चाललंय, हेच सलत होतं. नंतर बराच वेळ हे माझे पाय चोळत बसले होते. मला त्यांचे हात कळत नव्हते, फक्त दिसत होते.

उठ ताई

फिजिओच्या मॅडम रोज यायच्या. त्यांचं सांगणं स्पष्ट होतं: सध्या खाटेच्या कडेला पाय सोडून बसायचं, बस. उभं राहायचं नाही. पण एका दुपारी मी अशी बसलेली असताना माझा गुडघा आपणहून ताठ झाला आणि टिकला. इरफान समोरच होता. त्याने ते पाहिलं, आणि एरवी 'घाई करू नका' म्हणणारा माणूस कुठल्या कुठे गेला. त्याचे डोळे चमकायला लागले.

"उठ ताई. जोर लाव! मी धरतो."

मलाही तेच हवं होतं. मी जोर लावला. एक क्षण उभी राहिले, खरंच राहिले. समोरच्या खिडकीतून मालगाडी जाताना दिसली. मग दोन्ही गुडघे एकदम गेले. इरफानने जन्मभर घोटे धरले, काखेत धरायची त्याला सवय कुठली? मी त्याच्या हातांतून सटकले आणि कपाळ खाटेच्या कडेवर आपटलं.

टाके पडले, त्याचं काही नाही. पण दुसऱ्या दिवशीपासून पायात आलेली थोडीशी ताकदही गेली. मॅडमनी इरफानला असं झापलं की सुनीलसुद्धा बाहेर निघून गेला. "हे काय मैदान आहे का? नसा आहेत त्या. त्यांच्यावर जोर करून चालत नाही." एवढा दांडगा गडी मान खाली घालून उभा होता.

हळूहळू ताकद परत आली. मॅडम म्हणाल्या, "आता उभं राहू या." मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशीही नाही म्हटलं. खाटेची कड दोन्ही हातांनी धरून बसायचे. सगळ्यांना वाटलं पाय तयार नाहीत. पाय तयार होते, मी नव्हते. हे दिवस माझ्या मते आयसीयूपेक्षा वाईट. तिथे निदान काही करता येत नव्हतं.

इरफान काही दिवस फिरकलाच नाही. मग आला तो खाली जमिनीवरच बसला.

"माझा गुडघा कसा गेला, म्हाइतीय तुला?"

"मॅचमधी पडलास की. टीव्हीवर बघितलं आमी."

"पडलो तवा गुडघा बरा हुता. डॉक्टर म्हनले, हा सीझन बाहेर बस. मला बसवंना. पट्टी बांधून उतरलो आन् मीच मोडला. कुनी मोडला न्हाई ताई. मीच." त्याने गुडघ्यावरून हात फिरवला. "लोकांना रोज सांगतो, थांबा, थांबा. आन् तुला बघितलं तर पुन्हा तेच केलं. माझं चुकलं."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला त्याचा राग आला होता, फार आला होता. आणि त्या क्षणी तो मला सुनीलइतकाच माझा वाटला. मी म्हटलं, "डोकं माझं फुटलं, आन् रडतोयस तू?"

तो हसला. मग मी म्हटलं, "उद्या मॅडम आल्या की तू समोर नगं उभा ऱ्हाऊ. बाजूला बस." दुसऱ्या दिवशी तो बाजूला बसला, आणि मी मॅडमच्या हाताला धरून उभी राहिले.

कट्टा

मग वॉकर घेऊन गल्लीत चालणं सुरू झालं. मॅडमनी इरफानला पुन्हा परवानगी दिली, पण ताकीद देऊन. आम्ही निघायचो. मी हट्टी, आज त्या लिंबापर्यंत जायचंच म्हणून दात-ओठ खात चालणारी. मध्येच तो थांबायचा.

"ताई, थांब जरा. गुडघा बोलतोय."

आणि कुणाच्या तरी कट्ट्यावर बसकण मारायचा. नाइलाजाने मीही बसायचे. "एवढा नावाजलेला गडी आन् चार पावलांत ढेपाळला!" असं त्याला ऐकवायचे. पाय माझे थरथरत असायचे, पण बसले होते ती त्याच्यासाठी, त्यामुळे मान ताठ. दम खाऊन आम्ही पुन्हा निघायचो. लिंब गाठला, मग कोपरा, मग पिठाची गिरणी. भीती कुठल्या कट्ट्यावर राहिली, मला आठवत नाही.

ईदला मी काठी टेकत त्याच्या घरी गेले. शिरखुर्मा खाताना त्याच्या बायकोला, नसीमला, म्हटलं, "अगं, त्याचा गुडघा दाखव कुणाला तरी. चालवत न्हाई त्याला."

नसीम हसायला लागली ती थांबेचना. "गुडघा? ताई, रोज सकाळी ग्राउंडवर पोरांना पकडी शिकवतो तो. पळताना दुखतो कवा कवा. चालायला काय धाड भरलीय?"

इरफान दारात होता. मी त्याच्याकडे बघितलं तसा तो वाटी घेऊन आत पळाला. हो, पळाला!

परत आत

शिरूरला परत आले तेव्हा मेसमधली बिहारची पोरं दारात उभी होती. "चाची आ गई!" पहिले काही दिवस मी खुर्चीवर बसून नुसती बघत होते, आतल्यांना शिव्या न घालता. मग पोळपाट पुढ्यात घेतला. यांची आमटी बुधवारी अजून असते. पोरं मागतात, काय करणार? खारट ती आहेच.

पायाच्या बोटांना अजून नीट कळत नाही. मागून पट्टा असलेली चप्पल घालते. तेवढं सोडलं तर मी पूर्वीसारखीच आहे. हे म्हणतात, तोंड तर पूर्वीपेक्षा जास्त चालतं.

आणि मग गेल्या उन्हाळ्यात सुनीलचा फोन आला.

नसीम इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यावर पाळायच्या चार महिने दहा दिवसांत, घरातच होती. मी जमेल तेव्हा एसटीने दौंडला जायचे आणि तिच्याजवळ बसायचे. भेटायला येणाऱ्या बायका उसासे सोडायच्या. मी मसूर निवडायला घ्यायचे, ती दुसऱ्या बाजूने निवडायची. एकदा आपणहून म्हणाली, "ऑफिसचे फोन येतात ताई. काय सांगू?" इरफानच्या कॉम्प्युटरचं सगळं काम तीच करायची. त्याच्याबरोबर तिनेही परीक्षा दिलेली होती, फक्त लोकांसमोर कधी बसली नव्हती. "लोक त्याच्याकडं यायचे. माझ्याकडं कोन येनार?"

"मी येनार. मी गिऱ्हाईक हाय."

इद्दत संपली तसं ऑफिस उघडायला आम्ही दोघीच गेलो. खाली किराणा दुकान, बाजूने वर जाणारा लोखंडी जिना. नसीमने किल्ली मुठीत धरली होती. पहिल्या पायरीशी ती थांबली. वर दारावर अजून त्याच्या नावाची पाटी होती. ती बघत राहिली, तिचा चेहरा पांढराफटक झाला. मला तो चेहरा ओळखीचा होता. पाय तयार होते, ती नव्हती.

"उद्या येऊ ताई," ती म्हणाली.

मी कठड्याला धरलं. "नसीम, हात दे गं जरा. पाय बोलतोय माझा. एकटीला न्हाई चढवायचं."

तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. डोळे भरून आले, आणि त्यातच ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. तिने माझा हात धरला. अर्ध्या जिन्यात मी "थांब" म्हटलं, तशा आम्ही दोघी पायरीवर बसलो, आणि मग पुन्हा उठून वर गेलो.

मेसचा जिना मी दिवसातून कितीदा तरी चढते-उतरते, दोन्ही हातांत भरलेली पातेली घेऊन. नसीमने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.